आई-बाबांना पत्र : बेरीज राहून गेली

मुलुंड, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आई, लोणचं पोहोचलं, बरणी शाबूत आहे. आज बोलणं जास्त बाबांशी आहे, पण तूही ऐक.

बाबा, गेल्या आठवड्यात माझ्या सहीच्या ड्रॉइंगवरून कापलेल्या आठ बेस प्लेट, खांबाच्या तळाशी बोल्टने बसवायच्या पोलादी प्लेट, भंगारात गेल्या. प्लेट ३२५ मिमीची, दोन्ही कडांपासून ५० वर बोल्टचं होल, मधलं अंतर २२५. पुढे ते २४० करायचं ठरलं. आमच्याकडच्या मुलाने रेषा हलवलीच नाही, मापाच्या जागी नुसता २४० टाइप केला. साइटवर कागद बघून बोल्ट २४० वर काँक्रीटमध्ये बसवले. रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये कटिंग मशिनला फाइल दिली होती. मशिन आकडा वाचत नाही, रेषा वाचतं. त्याने २२५ वरच होल पाडली.

५० अधिक २४० अधिक ५० म्हणजे ३४०. खालीच एकूण माप ३२५ लिहिलेलं होतं. सुटी मापं जुळवून एकूण मापाशी ताडायची, हे तुम्ही मला शाळेत असतानाच शिकवलं होतंत. मी केलं नाही. ‘चेक्ड’च्या रकान्यात नाव मात्र माझं.

त्या मुलावर आधी चिडले. मग लक्षात आलं, त्याला रोज एकच प्रश्न विचारला जातो : आज किती शीट निघाल्या? दिसणारी कड जाड आणि मापरेषा तिच्या निम्म्याने तरी बारीक का काढायची, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मीही नाही. कॉम्प्युटरला दोष देववत नाही. रेषा हलवली असती तर त्याने माप आपोआप बरोबर दाखवलं असतं.

तुम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली चुकलेली रेषा अर्ध्या ब्लेडने खरवडायचात, मग शाई फुटू नये म्हणून तो भाग नखाने घोटायचात. एका रेषेला दहा मिनिटं. म्हणून पुढची रेषा ओढण्याआधी हात थांबायचा. आई, बाद झालेल्या ट्रेसिंगवरून तू भरतकामाची नक्षी उतरवायचीस, तेव्हा त्यावरची बाबांची अक्षरं मी बोटाने गिरवायची. तशीच अक्षरं काढता यावीत म्हणून मी या कामात आले.

आता रोज एक तास त्या मुलाबरोबर बसते. बरोबर मापावर पिवळी पेन्सिल, चुकीवर लाल. एकही आकडा रंगाशिवाय सोडायचा नाही.

बाबा, गणपतीला येताना त्याच्या चार शीटचे प्रिंट आणते. डोळ्यांना त्रास होणार नाही इतके मोठे काढीन. तुम्ही लाल पेन्सिल घेऊन बसा, आणि माझी सही आहे म्हणून काही सोडू नका.

तुमची,
ताई