मांजा उत्तरायणानंतरही झाडावरच

आपल्या अंकातील ‘उत्तरायणात पक्षी सांभाळा’ हे संक्रांतीच्या पतंगोत्सवाबद्दलचे (गुजरातेत त्यालाच उत्तरायण म्हणतात) आवाहन वाचले. थवे उडतात तेव्हा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ पतंग उडवू नयेत, ही सूचना योग्यच. पण 14-15 जानेवारीवर थांबून चालणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातलेला नायलॉन मांजा (मिळतो अजूनही!) कुजत नाही; महिनोन्महिने फांद्यांवर लटकतो आणि त्यात शराटी, घुबडे, वटवाघळे अडकतात. वासी उत्तरायण (सणाचा दुसरा दिवस, 15 जानेवारी) उलटताच वडोदऱ्यातील सोसायट्यांनी हे गुंते काढून त्यांचे बारीक तुकडे करावेत. अखंड गुंता उकिरड्यावर गेला की तिथे कावळे-बगळे त्यात अडकतात. अडकलेल्या पक्ष्याचा दोर ओढू नये, जखम आणखी चिरते. दोर दोन्ही बाजूंनी कापावा, रुतलेला तुकडा पशुवैद्यासाठी तसाच ठेवावा आणि पक्षी भोके पाडलेल्या खोक्यात न्यावा. चोचीत पाणी मुळीच ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

– एक पक्षिनिरीक्षक, वडोदरा