उंदीर पळवायच्या मशीनचा आवाज कुत्र्यामांजरांना ऐकू जातो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीत जुन्या वाड्यात राहतो, पेटीचे क्लास घेतो. यंदा पावसाळ्यात उंदरांनी एका पेटीचा भाता कुरतडला म्हणून मी ते उंदीर पळवायचं मशीन आणलं, प्लगमध्ये खोचायचं, छोटा लाइट लागतो, आवाज काहीच नाही. बॉक्सवर लिहिलेलं, माणसाला त्रास नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आमचा शेरू खोलीत पाऊल टाकेना, एरवी क्लास चालू असताना पेटीला टेकून झोपणारा कुत्रा, तो उंबऱ्याबाहेर कान पाडून कण्हत बसायचा. डॉक्टरला दाखवला, काही निघालं नाही. मग क्लासमधली १० वर्षांची एक मुलगी म्हणाली, सर इथे बारीक शिट्टी कसली वाजतेय? मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन काढलं आणि संध्याकाळी शेरू आपला परत जागेवर.

मग या विषयावर वाचायला लागलो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, जितकी जास्त तितका सूर वरचा) ऐकतो, आणि वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, म्हणून पोरीला ऐकू आलं, मला पन्नाशीत नाही. पियानोची सगळ्यात वरची पट्टी ४,१८६ हर्ट्झची असते. कुत्र्याला ४५,००० पर्यंत ऐकू येतं, म्हणजे आपलं जिथे संपतं तिथून पुढे त्याला अजून एक अख्खं सप्तक आहे, मांजराला तर ६४,००० च्या आसपास. आयुष्यभर सूर शिकवले पण हे वरचं सप्तक माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, फार वाईट वाटलं, कारण जे मशीन मला गप्प वाटत होतं ते शेरूच्या कानाशी रात्रंदिवस किंचाळत होतं आणि त्याला ते सांगताही येत नव्हतं.

आणि उपयोग तरी किती? इतक्या वरच्या सुराचा आवाज भिंतीतून, कपाटातून पलीकडे जात नाही, म्हणजे बिळातला उंदीर आरामात आणि खोलीत मोकळा बसलेला कुत्रा मात्र सगळं सोसणार. उंदरांना सवयही होते. अमेरिकेत २००१ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) असली मशीनं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० पेक्षा जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच की बॉक्सवर कुत्र्यामांजरांना हा आवाज ऐकू जातो हे मराठीत मोठ्या अक्षरात छापायची सक्ती सरकारने करावी, आणि दुकानदारांनी घरात प्राणी आहे का हे विचारूनच मशीन द्यावं. ज्यांच्याकडे लावलेलं आहे त्यांनी प्लीज दोन दिवस बंद ठेवून बघा, आपलं जनावर कसं वागतं ते. मी आता पिंजरा लावतो आणि पेट्या रात्री पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो.

आपला,
पेटी शिकवणारा एक वाचक, पंचवटी, नाशिक