ओल्या पुस्तकांसाठी धावून आलेल्यांचे आभार

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि आमच्या ग्रंथालयाचा तळमजलाही बुडाला. कागद-जतन हेच माझं काम. ओल्या कागदाला दोनेक दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागदाचं तर विचारूच नका, पानं सुकता सुकता चिकटली की सुटत नाहीत. पुस्तकं लगेच गोठवली तरच सवड मिळते. मग एकेक काढून, टिपकागद घालून सावकाश सुकवता येतं.

कळमन्यातल्या एका शीतगृहाच्या मालकांनी फोनवर एवढंच विचारलं, “क्रेट किती?” वाटाण्याची पोती हलवून जागा केली. भाड्याचं काढलं तर रागावले!

गणपतीचे दिवस होते. मंडळाची पोरं मांडव सोडून आली आणि फुगलेली पुस्तकं न उघडता, होती तशीच मेणकागदात गुंडाळत बसली. उन्हात टाका म्हणणाऱ्या काकांचेही आभार (ऐकलं नाही, उन्हात पुठ्ठे वाकडे होतात).

आणि ऑटोवाले भाऊ, मागची सीट काढून क्रेट नेलेत तुम्ही. तुमचा रेनकोट आमच्याकडेच आहे, घेऊन जा ना.