आमच्या होडीतल्या गंजिफा पुन्हा रंगात आणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

देवबागला कर्ली नदीच्या खाडीत पर्यटकांना फिरवणाऱ्या आमच्या होडीच्या गाद्यांवरचे विटलेले भरतकाम आपण या पावसाळ्यात नीट करून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे, कारण असे काम करून देणारे कोणी जवळपास आहे हे किनाऱ्यावरच्या इतर होडीवाल्यांनाही कळावे.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची, म्हणजे विष्णूचे अवतार रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची, गोल पाने समोर ठेवून आमच्या आत्याने पाठीच्या गाद्यांच्या खोळींवर मत्स्य, कूर्म आणि परशुराम भरले होते. खारा वारा आणि ऊन खाऊन मत्स्याचा तांबडा रंग फिकट गुलाबी झाला, तर परशू कापडात जवळजवळ मिसळून गेला. गाद्या शिवणाऱ्याने 'हे काढा आणि रेग्झीन लावा' असे सुचवले. टिकाऊपणाच्या हिशेबाने त्यात काही चूक नव्हती, पण घरात ते कोणाच्याच मनाला येईना.

आपण आधी खोळ उलटी केलीत. आतल्या बाजूला ऊन पोहोचलेलेच नव्हते, त्यामुळे तांबडा, पोपटी, हळदी हे रंग तिथे टवटवीत होते. उन्हाने उडालेला रंग कितीही धुतला तरी परतत नाही, हेही आपण तेव्हाच स्पष्ट सांगितलेत. मग प्रत्येक रंगावर ओला पांढरा कापूस दाबून तो सुटतो का ते पाहिलेत आणि खात्री पटल्यावरच खोळी गोड्या पाण्यात, पाणी बदलत, न चोळता भिजवल्यात. कारण कापडात मुरलेले मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते आणि तिथेच बुरशी धरते. कोकणातल्या आषाढात भिजलेले जाड सुती कापड पंख्याखाली सपाट पसरून वाळवायचे, म्हणजे काय चिकाटी लागते ते इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

कापडावर रंगवायच्या पेनाने टाके रंगवण्याची माझी सूचना आपण हसून बाजूला ठेवलीत, कारण त्याने धागा ताठर होतो आणि रंग शेजारच्या कापडात पसरतो. त्याऐवजी सहापदरी लडीतला एकेक पदर वेगळा करून आपण जुन्या टाक्यांवर त्यांच्याच दिशेने नवे टाके घातलेत. जुने उसवले असते तर उन्हाने कमजोर झालेले कापड फाटले असते. परशूखाली ते विरलेच होते, म्हणून तिथे मागून मऊ सुती अस्तर जोडलेत. रंगाची जात आतल्या बाजूवरून घेतलीत, पण छटा एक पायरी फिकी ठेवलीत. मला थोडा गडद तांबडा आवडला असता, हे मोकळेपणाने सांगतो. तरीही आत्याने भरलेल्या खवल्यांशेजारी आपले खवले उपरे वाटत नाहीत, हे त्या फिक्या छटेमुळेच.

आपण सांगितल्याप्रमाणे गाद्यांखाली आता वारा खेळेल अशी जाळी घातली आहे आणि दिवसाची शेवटची फेरी झाली की खोळी घरी आणतो. कूर्माची गादी छपराच्या सावलीत असल्यामुळे तिच्या रंगाला हात लावण्याची गरज नाही, असे आपले मत पडले. तिच्या कडेचा साखळी टाका मात्र सुटू लागला आहे. जूनमध्ये होडी वर ओढली की ती खोळ घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
देवबागचा होडीवाला