बॅग आली नाही तर पीआयआर (बॅगेच्या तक्रारीची विमान कंपनीकडची लेखी नोंद) घेतल्याशिवाय हलू नका

संपादक महोदय,
मागच्या महिन्यात मुंबईच्या सहार विमानतळावर टर्मिनल २ ला आईची बॅग आलीच नाही, पट्टा रिकामा फिरून शेवटी थांबला, बीपीच्या गोळ्या त्यातच, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो घरी जा, फोन येईल. असं कसं जायचं? पीआयआर नंबर लिहून घ्या, बॅगेच्या टॅगची चिठ्ठी जपून ठेवा, नाहीतर पुढे कोणी दाद देत नाही. इंटरनॅशनल फ्लाइट असेल तर १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही की ती हरवली असं धरून भरपाई मागता येते, फुटून आली तर मात्र ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. हे सगळं पट्ट्याशेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत का लावत नाहीत? एकट्याने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगणार कोण?

एक वाचक, विलेपार्ले