वरच्या गटात निघालेल्या लेकाला

प्रिय सोन्या,

काल तू फोन ठेवलास तेव्हा पप्पा जेवत होते. काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं आणि मी रेंज गेली म्हणून सांगितलं. तू रागावलायस ते कळतंय मला. क्रिकेटच्या अंडर-१९ शिबिराला तुझं नाव आलंय, सर पाठवा म्हणतायत, पप्पा अर्ध्या गावभागाला सांगून मोकळे झालेत, आणि एकटी आईच ‘बघू’ म्हणते. फोनवर तू मध्येच ‘आई, प्लीज’ म्हणालास की माझं पुढचं सगळं राहून जातं. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

आधी हे ऐक. साताऱ्याच्या ओपनरला तू टाकलेला तो बॉल पप्पांच्या मोबाईलवर मी रोज बघते. मधल्या स्टंपवर पडून बाहेर निघाला आणि ऑफ स्टंप घेऊन गेला. तुझ्या गटातली मिशा फुटलेली पोरं नुसत्या जोरावर विकेटी काढतात. तुझी उंची वाढत नव्हती म्हणून तू बॉलची शिवण धरायला शिकलास, मनगट शिकलास. ती विद्या कुणी काढून घेणार नाही. खालच्या गटात तुला आता कुणी नीट खेळत नाही, तिथे तू नवीन काही शिकत नाहीस, हेही मला पटतं. त्या इस्लामपूरच्या मॅचचं मी परत काढत नाही.

पण कंबर, बाळा.

इथे जो तो मला स्मृती मानधनाचं उदाहरण देतो. सांगलीची पोर, ९व्या वर्षी महाराष्ट्राच्या अंडर-१५मध्ये, ११व्या वर्षी अंडर-१९मध्ये! खरंच आहे, आणि मलाही तिचं कौतुक आहे. पण ती बॅटर. बॅटरला वरच्या गटात भीती समोरून येणाऱ्या बॉलची, आणि आउट झालं की दिवस संपला. फास्ट बोलरला समोरचा काही करत नाही, त्याचं अंगच त्याला मारतं. बॉल सोडताना पुढचा पाय आपटतो तेव्हा वजनाच्या कितीतरी पट दणका वर कमरेत जातो, आणि त्याच क्षणी तू कंबर मागे वाकवून पिळतोस. एका ओव्हरला सहा वेळा.

बोन टेस्टला तुझ्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला, आठवतं? वय चोरणारे सापडावेत म्हणून ती टेस्ट, त्यामुळे सगळ्यांनी पास झालास एवढंच बघितलं. तिथल्या टेक्निशियननं मीही एक्स-रे काढणारी, त्यांच्यातलीच म्हणून मला स्क्रीनवर फिल्म दाखवली. हाडाच्या टोकाशी काळी फट दिसते ती वाढीची जागा. वाढ संपली की ती बुजते. तुझी चांगली उघडी आहे. दाखल्यावर तू १५चा, हाडानं अजून १४चाही नाहीस. १८ वर्षांच्या पोरांत गेलास तर कागदावर अंतर ३ वर्षांचं, हाडांत ४च्या वर. आणि पाठीचा कणा तर मनगटानंतर कितीतरी वर्षांनी, विशी उलटल्यावर पक्का होतो. दिवाळीला घेतलेली पँट संक्रांतीला घोट्याच्या वर गेली म्हणजे तू आत्ता भराभर वाढतोयस. अशा वेळी हाडं लांब होतात, ताकद मागून येते. नेमक्या त्याच वेळी मोठ्या पोरांचा वेग बघून तू जास्तीचा जोर लावशील. तू लावणारच, मी तुला ओळखते.

ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर पॅट कमिन्स तुझ्या भिंतीवर आहे. २०११मध्ये १८व्या वर्षी त्यानं जोहान्सबर्गला पहिली टेस्ट खेळली, दुसऱ्या डावात ६ विकेट घेतल्या, सामनावीर झाला. पुढची टेस्ट खेळायला २०१७ उजाडलं, आपल्या रांचीला. मधली वर्षं पाठीच्या आणि बाकीच्या दुखण्यांत गेली. तो परत आला हे तू मला सांगशीलच. त्याच्यामागे एका देशाचे डॉक्टर होते. तुझ्यामागे मी आहे, आणि आजीच्या बांगड्या आता नाहीत.

हे शेवटचं लिहायला नको होतं. बांगड्यांचं तू मनावर घेऊ नकोस, आजीला त्याचं काही नाही. खोडलं तर तुला खोडलेलंच दिसेल, म्हणून ठेवते.

मी रोज मिरजेला लोकांची हाडं बघते, त्यामुळे मला जास्त भीती वाटते असं पप्पा म्हणतात. असेल. मध्ये तुझ्याच वयाचा एक मुलगा आला होता, उजव्या हाताचा बोलर. डावीकडे कमरेत दुखतंय, स्नायू आखडला असेल म्हणून खेळत राहिला. मी फिल्म काढली, काही दिसलं नाही. हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, ती एमआरआयमध्ये सापडली. त्याची आई माझ्याकडे बघत होती आणि माझ्या डोळ्यासमोर तू. उजव्या हातानं टाकणाऱ्याला डावीकडे दुखायला लागलं की थांबायचं. बर्फ लावून पुढची मॅच खेळायची नाही. तू दुखणं सांगत नाहीस. पाचवीत हात मोडला तेव्हाही जेवायला बसल्यावर मला कळलं.

परत भाषण झालं, राहू दे.

२०१९चा पूर आठवतो का रे तुला? आपण विश्रामबागला आत्याकडे राहिलो होतो. गावभागातल्या घरात पाणी, पप्पांची सगळी कात्रणं भिजली, मोठी माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. आणि तू आत्याच्या पार्किंगमध्ये मोज्यात कागद कोंबून बॉल केलास आणि दिवसभर भिंतीवर टाकत बसलास. पलीकडच्या कॉलेजातल्या पोरांनी तुला खेळायला घेतलं. तू सगळ्यात लहान, आणि घरी येऊन म्हणालास, आई, त्यांना माझा बॉल कळत नाही. पूर आल्यापासून पप्पा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. म्हणजे वरच्या गटात तू तेव्हापासूनच खेळतोयस. मोठ्यांत खेळायला माझी ना कधीच नव्हती.

माझी ना दोन्हीकडे खेळायला आहे. अंडर-१९चं शिबिर सुरू असताना तुझी अंडर-१६ची टीम तुला शनिवार-रविवार बोलावणार, वर क्लबची मॅच असणारच. प्रत्येक कोच आपल्यापुरत्या ओव्हर मोजतो आणि एकूण कुणीच मोजत नाही. नेटमध्ये टाकलेले बॉल तर कुणाच्याच हिशोबात नसतात. वरच्या गटात पोरं मोडतात ती मला वाटतं याच्यामुळे. इंग्लंडच्या बोर्डानं लहान फास्ट बोलरांना ओव्हरची मर्यादा घातलीय, आणि ती बोलरच्या वयावरून धरतात. अंडर-१९मध्ये गेलास तरी तुझं शरीर १५चंच मोजायचं, एवढंच माझं म्हणणं. सरांशी मी स्वतः बोलेन. तुला लाज वाटेल, मला माहीत आहे. तरी बोलेन.

तर जा. शिबिराला जा, पण एका वेळी एकच टीम. त्या महिन्यात अंडर-१६ला नाही म्हणून सांग. त्यांना राग आला तर माझं नाव पुढे कर. वहीत रोज लिही, नेटचे धरून किती बॉल टाकले ते, आणि कंबर कशी आहे ते. ‘ठीक’ असं लिहायचं नाही. दुखतंय की नाही, कुठल्या बाजूला, ते लिहायचं.

रविवारी पप्पा पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर भडंग आणि नवीन स्पाइक्स पाठवतेय, अर्धा नंबर मोठे घेतलेत. या आठवड्याचं पान त्यांच्याकडे दे. फॉर्मवर सही मी आज केलीय, तीही त्यांच्याकडेच आहे.

तुझी,
आई