‘मला पक्कं आठवतंय’ हा पुरावा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेल्सन मंडेला १९८०च्या दशकात तुरुंगातच वारले, अशी ठाम आठवण जगभरात अनेकांना आहे. काहींनी तर अंत्ययात्रा टीव्हीवर पाहिल्याचे सांगितले आहे. प्रत्यक्षात मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले, १९९४ ते १९९९ या काळात दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष होते आणि ५ डिसेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. फिओना ब्रूम या अमेरिकी लेखिकेचीही समजूत हीच होती. आपल्यासारखे आणखी कितीतरी जण आहेत हे कळल्यावर तिने या प्रकाराला ‘मंडेला इफेक्ट’ हे नाव दिले. नाव रुळले, आणि त्याच्या पाठोपाठ त्याची विलक्षण स्पष्टीकरणेही पसरली. आपण मुळात दुसऱ्या विश्वात होतो, तिथे मंडेला खरोखरच वारले आणि नंतर आपण या विश्वात घसरलो, असे एक. २००८ मध्ये जिनिव्हाजवळ ‘सर्न’ या युरोपीय अणुसंशोधन संस्थेचा, सूक्ष्म कण एकमेकांवर आदळवणारा महाकाय कण-आदळक सुरू झाला तेव्हा काळाचा धागा उसवला, असे दुसरे. तरुण मुले हे गंभीरपणे बोलताना मी ऐकते आणि मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

या मुलांना हसू नये, हे आधी सांगते. कारण अशी आठवण माझ्या घरातही आहे.

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा मुसळधार पाऊस होता. मी आणि ताई दवाखान्याच्या पायरीवर एका छत्रीत उभ्या होतो आणि आई त्याला दुपट्यात गुंडाळून बाहेर आली. आम्हा दोघींना हे चाळीस वर्षे लख्ख आठवत होते. आई गेल्यावर तिची हिशेबाची वही हाती लागली. त्यात त्या आठवड्यात लिहिले होते: ‘दोघी मुली गोवराने आजारी, मावशीकडे. बाळाला अजून पाहिले नाही.’ अक्षर आईचे, तारीख तिचीच. ताईने आधी वहीवरच शंका घेतली. मीही घेतली. शांतपणे विचार केल्यावर उलगडा झाला. दर वाढदिवसाला मावशी तो पाऊस रंगवून सांगायची. कधीतरी ताईने त्यात छत्री घातली असेल, मी भिजलेली पायरी. सांगता सांगता आम्हीच त्या चित्रात जाऊन उभ्या राहिलो. खोटे कुणीच बोलले नव्हते.

दोघींना एकच आठवते म्हणजे ते खरेच असणार, असा आमचा समज होता. तो चुकीचा होता, कारण दोघींची आठवण एकाच गोष्टीतून आली होती. मंडेलांच्या बाबतीतही असेच काही घडले असावे. स्टीव्ह बिको हे वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीत वारले, ती बातमी जगभर गाजली. मंडेलांचा २७ वर्षांचा बंदिवासही तितकाच गाजलेला. दूर राहणाऱ्या माणसाच्या मनात दोन्ही एकमेकांत मिसळणे अवघड नाही. पण २७ एप्रिल १९९४ रोजी मतदानासाठी तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या दक्षिण आफ्रिकी माणसाचा असा घोटाळा होईल का? विश्वच बदलले असेल, तर ते फक्त लांबच्या प्रेक्षकांसाठीच का बदलावे?

स्मृती ही कपाटात ठेवलेली फाइल नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना आपण ती नव्याने रचतो, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले होते. लोकांना एक अनोळखी लोककथा पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तर अनोळखी तपशील गळत गेले आणि ओळखीचे येत गेले. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. प्रश्न विचारताना ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळून चुरडल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला, तेवढ्याने लोकांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याभराने त्यांच्यापैकी अधिक जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. चित्रफितीत फुटलेली काच नव्हती.

मला सर्वांत चटका लावणारे उदाहरण बोलोन्या स्थानकाच्या घड्याळाचे. इटलीतील या रेल्वे स्थानकात २ ऑगस्ट १९८० रोजी बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसे गेली आणि घड्याळ १०.२५ वर थांबले. पुढे ते दुरुस्त होऊन अनेक वर्षे चालू होते. १९९६ मध्ये पुन्हा बंद पडल्यावर ते स्मारक म्हणून १०.२५ वर कायम ठेवण्यात आले. संशोधकांनी विचारल्यावर मात्र बहुतेकांनी सांगितले की ते स्फोटापासून बंदच आहे. रोज त्याच घड्याळावर वेळ पाहणाऱ्या माणसांची ही गत. दुःखाला शोभेल असे चित्र मनाने निवडले आणि मधली वर्षे पुसून टाकली.

सगळेच कोडे सुटले आहे असा माझा दावा नाही. शिकागो विद्यापीठातील दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांनी २०२२ मध्ये ४० प्रसिद्ध चित्रे तपासली. त्यांतल्या सातांबाबत बहुसंख्य लोक नेमकी एकच चूक करत होते, जसे पिकाचू या कार्टून पात्राच्या शेपटीला प्रत्यक्षात नसलेले काळे टोक. एकच कारण सातही चित्रांना लागू पडत नाही. हे कुतूहल खरे आहे, ते जपावे. पण ‘माझी चूक झाली असेल’ हे वाक्य टाळण्यासाठी अख्खे विश्व सरकवायचे, याला मी कुतूहल म्हणणार नाही. प्रत्येक शक्यतेगणिक विश्वाला वेगळी शाखा फुटते, या भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांच्या १९५७च्या अनेक-विश्व कल्पनेचा दाखला इथे सर्रास दिला जातो. त्या कल्पनेतही फुटलेल्या शाखा एकमेकींपासून तुटतात. इकडच्या आठवणी तिकडे नेण्याची सोय तिच्यात नाही.

हा केवळ गमतीचा विषय राहत नाही, म्हणून आग्रह धरते. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या प्रकरणांत साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखले होते. त्यांतले अनेक साक्षीदार प्रामाणिक होते आणि न्यायालयात त्यांचा स्वर ठाम होता.

आपल्याकडे एक विनंती. जुन्या घटनांवरील वाचकांच्या आठवणी आपण छापता, त्या मी आवडीने वाचते. त्यांच्या शेजारी त्या तारखेच्या अंकातील मूळ बातमीचा उतारा छापता येईल का? आठवण कापू नका, दुरुस्तही करू नका. फक्त दोन्ही एकाच पानावर, शेजारी शेजारी येऊ द्या.

आपली,
एक नियमित वाचक